सरकून दिलेली जागा

मगरिबच्या अजानला पाचेक मिनिटे उरलेली असतात. दस्तरखान अंथरलेला असतो, खजूर आणि फळांच्या थाळ्या मांडून झालेल्या असतात. अशा वेळी इफ्तारला प्रथमच आलेला शेजारचा पाहुणा दारात थबकतो. चपला कुठे काढायच्या हे त्याला दिसते. पण बसायचे कुठे आणि कसे, हे उमगत नाही. इतक्यात दोघे जण सरकतात, मध्ये हातभर जागा होते आणि ‘या, इथे बसा’ असे कुणीतरी म्हणते. पाहुण्याचा संकोच तिथेच निम्मा होतो.

हे सरकणे केवळ रीतभात नाही. मजलिसमध्ये जागा करून द्यायला सांगितले की ती द्यावी, अल्लाह तुम्हालाही ऐसपैस जागा देईल, अशा आशयाची शिकवण कुरआनच्या ‘मुजादिला’ या ५८व्या सूरहमध्ये आहे. बसलेल्याला उठवून त्याच्या जागी बसू नये, दोघांच्या मध्ये परवानगीवाचून शिरू नये, जुम्याला उशिरा येऊन लोकांच्या खांद्यांवरून पुढे जाऊ नये, असे हदीस सांगतात. कुणी क्षणभर उठून परत आला, तर त्या जागेवर हक्क त्याचाच राहतो.

‘मजलिस’ आणि ‘जलसा’ हे दोन्ही शब्द अरबीतल्या ‘बसणे’ या अर्थाच्या एकाच धातूतून आले. नमाजमध्ये दोन सजद्यांच्या मधल्या छोट्या बैठकीला जलसा म्हणतात. महाराष्ट्रात हाच शब्द सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांमुळे घरोघरी पोहोचला.

नमाजमध्ये दोजानू, म्हणजे दोन्ही गुडघे टेकून बसतात. डावे पाऊल आडवे ठेवून त्यावर बसायचे, उजवे पाऊल बोटांवर उभे ठेवायचे, हात मांड्यांवर आणि नजर खाली. योगासने करणाऱ्यांना वज्रासन आठवेल. फरक उजव्या पावलाचा. साध्या मांडीला उर्दूत चारजानू म्हणतात. दस्तरखानावर तीही चालते. मात्र लोडाला रेलून खाणे पैगंबरांनी टाळले. पाय पसरू नयेत, अन्न ओलांडू नये, शेजाऱ्याचे होईपर्यंत उठण्याची घाई करू नये, हे पंगतीत वाढलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

खरी अडचण गुडघ्यांची आहे. रमजानमध्ये रोज रात्री तरावीहची नमाज होते; अनेक मशिदींत तिच्या २० रकअती असतात. साठी ओलांडलेल्या माणसाला इतक्या वेळा खाली बसून उठणे जमत नाही. खुर्ची मागायची लाज वाटते, लोक काय म्हणतील याची धास्ती असते. मग काही वडीलधारे मशिदीत यायचेच टाळतात आणि वर्षातला सर्वांत गजबजलेला महिना घरात एकटे काढतात.

इम्रान बिन हुसैन या सहाबींना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारले, तेव्हा पैगंबरांनी उभे राहून नमाज पढायला सांगितले. ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून. तरावीह या शब्दाचाच अर्थ ‘विश्रांती’ असा आहे. दर चार रकअतींनंतर थोडे बसायचे, म्हणून हे नाव. ज्या नमाजच्या नावातच विसावा आहे, तिथे थकलेल्या गुडघ्यांना खुर्ची मागताना ओशाळे का वाटावे?

दस्तरखानावरही हेच लागू आहे. पाहुण्याला खाली बसता येत नसेल, तर त्याने तसे सांगण्याची वाट पाहू नये. एक खुर्ची आधीच कडेला असावी. पण ती कोपऱ्यात एकटी नको, बोलायला माणूस शेजारी हवा. खजुराची थाळी त्याच्या हातापर्यंत न्यावी. अजान होण्याआधी यजमानाने एकदा सगळीकडे नजर फिरवावी आणि कुणी अवघडून बसले आहे का, एवढे पाहावे.