तबकडीच्या शेवटी राहून गेलेले प्रेमगीत

जॉर्ज हॅरिसनची ‘समथिंग’ आणि ‘माय स्वीट लॉर्ड’ ही गाणी जगभर गाजली. १९७६ साली एका दुसऱ्याच गायकासाठी रचलेले आणि अखेर स्वतःच गायलेले त्याचे एक संथ गीत मात्र फारसे कुणाच्या कानावर पडले नाही.

बीटल्स या चौकडीतला ‘शांत’ म्हणून ओळखला गेलेला जॉर्ज हॅरिसन भारतीय रसिकांना इतर तिघांपेक्षा नेहमीच जवळचा वाटत आला आहे. त्याला कारणेही तशीच आहेत. १९६६ साली तो पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला. १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्याच एच. एम. व्ही. स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठीचे संगीत इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेली मैफल त्याने रविशंकरांच्या शब्दाखातर उभी केली. पुढे मुलगा झाला तेव्हा सप्तकातले ‘ध’ आणि ‘नी’ हे स्वर जोडून त्याचे नाव धानी ठेवले.

अशा या कलावंताची आठवण निघाली की ठरावीक गाण्यांची नावे पुढे येतात. बीटल्सच्या काळातली ‘समथिंग’, ‘हिअर कम्स द सन’, ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ आणि नंतरचे ‘माय स्वीट लॉर्ड’. बीटल्स १९७० साली फुटल्यावर हॅरिसन आणखी ३१ वर्षे जगला आणि बराच काळ गाणी करत राहिला. त्या एकट्याच्या वाटचालीतली कितीतरी चांगली गीते मागे पडली. त्यातलेच एक म्हणजे ‘लर्निंग हाऊ टू लव्ह यू’. मराठीत सांगायचे तर, ‘तुझ्यावर प्रेम करायला शिकतो आहे’.

दुसऱ्याच्या आवाजासाठी

हे गीत हॅरिसनने स्वतःसाठी योजले नव्हते. ते त्याने हर्ब आल्पर्ट याला डोळ्यांसमोर ठेवून रचले. आल्पर्ट हा मूळचा ट्रम्पेटवादक. जेरी मॉस या सहकाऱ्याबरोबर १९६२ साली त्याने ‘ए अँड एम’ ही तबकड्यांची कंपनी काढली. कंपनीच्या नावातला ‘ए’ म्हणजे आल्पर्ट आणि ‘एम’ म्हणजे मॉस. गायक म्हणून आल्पर्टचा गळा काही मोठा नव्हता. पण १९६८ साली बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड यांचे ‘धिस गाय्ज इन लव्ह विथ यू’ हे गीत त्याने गायले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या गाण्यात त्याने आवाज कुठेही ताणला नव्हता. समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तसे ते गायले होते.

ही न ताणता गाण्याची रीत हॅरिसनला भावली असावी, कारण त्याचाही गळा पल्लेदार नव्हता. १९७४ च्या अखेरीस रविशंकर आणि भारतीय वादकांना बरोबर घेऊन त्याने उत्तर अमेरिकेचा दौरा केला. त्या दौऱ्यात त्याचा घसा पार बसला आणि वृत्तपत्रांनी त्याची भरपूर टवाळी केली. मोठ्या मैदानी आवाजाची हौस आपल्याला परवडणारी नाही, हे त्याला त्या दोन महिन्यांनी पुरते शिकवले असणार. आल्पर्टसाठी म्हणून त्याने जी चाल बांधली, ती हलक्या, कुजबुजत्या गळ्यासाठीच होती आणि म्हणूनच ती त्याच्या स्वतःच्या गळ्यालाही चपखल बसली.

साडेसातीचे वर्ष

हे गीत १९७६ च्या ज्या अल्बममध्ये आले, त्याचे नाव ‘थर्टी थ्री अँड वन थर्ड’. मोठी तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये हॅरिसनचे वयही बरोबर तेवढेच झाले होते. नावातली ही गंमत सोडली, तर ते वर्ष त्याच्या दृष्टीने साडेसातीचेच म्हणावे लागेल.

‘माय स्वीट लॉर्ड’ची चाल ‘ही इज सो फाइन’ या १९६३ सालच्या गाण्यावरून उचलली आहे, असा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात चालू होता. १९७६ साली निकाल लागला. हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केली नसली, तरी नकळत ती चाल त्याच्या हातून उतरली, असे न्यायालयाने म्हटले. ज्या गाण्यात त्याने ‘हरे कृष्ण’ आणि ‘हालेलुया’ एकत्र गुंफले, ज्या गाण्याने त्याला बीटल्सच्या सावलीतून बाहेर काढले, त्याच गाण्याला उचलेगिरीचा डाग लागला. स्वतःची प्रत्येक नवी चाल संशयाने तपासून पाहावी, अशी वेळ रचनाकारावर यावी हे वाईटच.

त्यातच कावीळ झाली. इंग्लंडमधल्या हेन्ली-ऑन-थेम्स येथील त्याच्या फ्रायर पार्क या वाड्यातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू होते. आजारपणामुळे ते खोळंबले आणि अल्बम सोपवण्याची ठरलेली तारीख टळली. त्याने १९७४ साली काढलेल्या ‘डार्क हॉर्स’ या छापाचे वितरण ए अँड एमकडे होते. त्या कंपनीने सप्टेंबरमध्ये कराराच्या पूर्ततेसाठी त्याच्यावर १ कोटी डॉलरचा दावा लावला. बोलणी फिसकटली. हॅरिसनने वॉर्नर ब्रदर्सशी हातमिळवणी केली आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये अल्बम त्यांच्याकडून बाहेर पडला.

म्हणजे ज्या माणसाच्या आवाजासाठी हे प्रेमगीत बांधले, त्याच माणसाच्या कंपनीने रचनाकाराला कोर्टात खेचले होते. रागाच्या भरात ते गाणे काढून टाकणे अगदी सोपे होते. हॅरिसनने ते ठेवले आणि अल्बमच्या अगदी शेवटी, दुसऱ्या बाजूचे समारोपाचे गीत म्हणून ठेवले.

ए अँड एमशी आलेल्या संबंधातून त्याला एक गोष्ट मात्र कायमची मिळाली. कंपनीच्या लॉस एंजेलिसच्या कचेरीत काम करणारी ऑलिव्हिया एरियास ही तरुणी त्याला १९७४ साली भेटली. त्याचा पहिला संसार तेव्हा मोडला होता. आजारपणातून तो उठला तो ऑलिव्हियाच्या सोबतीने. १ ऑगस्ट १९७८ रोजी धानीचा जन्म झाला आणि २ सप्टेंबरला दोघांचे लग्न झाले. अखेरपर्यंत ती त्याच्याबरोबर होती.

ऐकताना

गाणे सुरू होते ते अगदी अंगाबरोबर. रिचर्ड टी याच्या विजेवरच्या पियानोचे गोल, ओलसर स्वर, विली वीक्सचा दमदार पण बोलघेवडा नसलेला बास आणि ॲल्व्हिन टेलरचा हलका ठेका. तिघेही अमेरिकेतले मुरलेले साथीदार. आपल्या हातात किती कला आहे हे दाखवण्याची घाई कुणालाच नाही. स्वरमेळ जाझच्या वळणाचे आहेत. एक मेळ संपून दुसरा कधी लागला, ते सहज कळत नाही. गाण्याची पट्टी इथे स्थिरावेल असे वाटावे, तोवर ते हळूच बाजूला सरकते. शिकणाऱ्याचे पाऊल जसे चाचपत पडते, तसे.

हॅरिसनच्या गिटारची ओळख म्हणजे स्लाइड. तारेवरून नळी सरकवत काढलेले त्याचे स्वर ऐकून आपल्याकडच्या मींडेची आठवण व्हावी. इथे मधल्या एकल तुकड्यासाठी त्याने ती हुकमी चीज बाजूला ठेवली आणि साधी ॲकॉस्टिक गिटार हाती घेतली. तो तुकडा अवघ्या काही ओळींचा आहे, पण गाता येईल असा. गायकाने शब्द थांबवून नुसते गुणगुणावे तसा तो येतो आणि गाणे पुन्हा शब्दांच्या हाती सोपवून निघून जातो.

शब्दही मोजकेच आहेत. रात्र शांत झाली आहे, माणूस आपल्याच मनापाशी एकटा उरला आहे आणि त्या निवांतपणात त्याला उमगते की प्रेम हा एक धडा आहे. गीत फिरून फिरून शीर्षकाच्या शब्दांवर येते. ‘शिकलो’ असे तो कुठेही म्हणत नाही, ‘शिकतो आहे’ एवढेच म्हणतो. हे ‘तू’ म्हणजे नेमके कोण, तेही उघड केलेले नाही. प्रेयसी म्हणावी तर तसे आणि परमेश्वर म्हणावा तर तसेही. हॅरिसनच्या अनेक गीतांत ही संदिग्धता आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या ज्याने ऐकल्या आहेत, त्या मराठी माणसाला ती कोड्यासारखी वाटणार नाही. याच अल्बममध्ये परमहंस योगानंदांना अर्पण केलेले ‘डिअर वन’ हे गीतही आहे.

या गीताचे खरे मोल ‘समथिंग’च्या शेजारी ठेवले की कळते. १९६९ सालच्या ‘समथिंग’मध्ये प्रेमात पडलेला तरुण आहे. तिच्यात काहीतरी आहे, पण काय ते त्याला सांगता येत नाही. प्रेम वाढेल का, असे विचारल्यावर तो सरळ ‘ठाऊक नाही’ म्हणतो. ते गाणे त्या न कळण्यातच रंगले आहे. सात वर्षांनी, एक लग्न मोडल्यावर, टवाळी, खटले आणि आजारपण सोसल्यावर तोच माणूस त्या प्रश्नाकडे पुन्हा वळतो. या वेळी त्याच्यापाशी उत्तर आहे. प्रेम आपोआप वाढत नाही, ते शिकावे लागते आणि शिकायला वेळ लागतो. सतारीसमोर तासन्‌तास मांडी घालून बसलेल्या माणसाला रियाज म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको होते. म्हणूनच हे गीत पहिल्या भेटीच्या धुंदीचे वाटत नाही. ते संसार मांडायला पुन्हा एकदा धीर करणाऱ्या माणसाचे वाटते. असा धीर आयुष्यात ज्याला करावा लागला आहे, त्याला ते ऐकताच पटेल.

मागे का पडले?

गाणे मागे पडण्याची कारणे गाण्यात नव्हती. अल्बममधून ‘धिस साँग’ हे खटल्याची खिल्ली उडवणारे चटकदार गीत सिंगल तबकडी म्हणून आधी काढले गेले आणि अमेरिकेत ते २५ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यानंतरचे ‘क्रॅकरबॉक्स पॅलेस’ १९ व्या क्रमांकावर गेले. ‘लर्निंग हाऊ टू लव्ह यू’च्या वाट्याला आली ती ‘धिस साँग’च्या तबकडीची मागची बाजू. रेडिओवर मागची बाजू कोण वाजवणार?

आणखी एक अडचण झाली. त्याच नोव्हेंबरमध्ये त्याच्या जुन्या कंपनीने ‘द बेस्ट ऑफ जॉर्ज हॅरिसन’ नावाचे संकलन बाजारात आणले. त्यातल्या १३ गाण्यांपैकी ७ बीटल्सची होती. दुकानात नव्या हॅरिसनशेजारी जुना हॅरिसन उभा राहिला. शिवाय लंडनमध्ये त्याच सुमारास पंक संगीताचा गोंगाट सुरू झाला होता. तिशी ओलांडलेल्या माणसाच्या हळुवार गीताकडे कान द्यायला तरुणांना सवड नव्हती.

पुढेही ते गीत कडेलाच राहिले. १९९१ च्या डिसेंबरमध्ये एरिक क्लॅप्टनबरोबर केलेल्या जपानच्या दौऱ्यात हॅरिसनने ते गायले नाही. १९८९ आणि २००९ साली त्याच्या निवडक गाण्यांची संकलने निघाली, त्यांतही त्याला जागा मिळाली नाही. २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ५८ व्या वर्षी हॅरिसन गेला, तेव्हाच्या मृत्युलेखांत पुन्हा तीच ती जुनी नावे आली.

ज्यांना हे गीत आवडेल, त्यांनी त्याच्या जोडीला १९७९ सालच्या ‘जॉर्ज हॅरिसन’ या अल्बममधले ‘युवर लव्ह इज फॉरएव्हर’ही जरूर ऐकावे. हवाई बेटांवर सुचलेली ती चाल आहे. तोवर धानीचा जन्म झाला होता आणि घर लागले होते. शिकण्याची धडपड तिथे मावळून समाधान आले आहे. ‘समथिंग’, ‘लर्निंग हाऊ टू लव्ह यू’ आणि ‘युवर लव्ह इज फॉरएव्हर’ ही तीन गीते ओळीने लावली, तर १० वर्षांत एक माणूस प्रेमाच्या बाबतीत कुठून कुठे आला ते समजते.

‘थर्टी थ्री अँड वन थर्ड’ २००४ साली नव्याने सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाला, त्यामुळे तो मिळवणे आता कठीण नाही. मात्र हे गीत एकटे काढून ऐकण्यापेक्षा आधीची नऊ गाणी ऐकून त्याच्यापर्यंत यावे. रात्री, घर निजल्यावर, आवाज जरा कमी ठेवून. ‘क्रॅकरबॉक्स पॅलेस’ची थट्टामस्करी संपते, क्षणभर शांतता होते आणि मग रिचर्ड टीचा पियानो लागतो.