समजून घ्या : घरच्या बागेसाठी माळी ठेवायचाय? महिन्याचा खर्च असा ठरतो

'कुणाकडे चांगला माळी येतो का? किती घेतो?' सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो आणि एकाच इमारतीतून तीन वेगळे आकडे मिळतात. मग कुणीतरी जास्त पैसे मोजतंय, असं वाटू लागतं. खरं तर त्या तीन दरांत धरलेलं कामच वेगळं असतं. दर ठरवण्याआधी हा हिशेब समजून घेतला, तर तुमचे पैसेही वाचतील आणि झाडंही.

दर नेमका कशाचा?

आपण कुंड्या मोजतो, माळी वेळ मोजतो. त्यात येण्याजाण्याचा वेळही आलाच. एक उदाहरण पाहू. समजा, आठ तासांच्या दिवसाचे ८०० रुपये, म्हणजे तासाला १०० रुपये धरले. तुमच्या १२ कुंड्यांना अर्धा तास लागतो आणि येण्याजाण्यात अर्धा तास जातो. एका फेरीचे झाले १०० रुपये, महिन्याच्या चार फेऱ्यांचे ४००.

आता हाच दर घासाघीस करून २०० वर आणला, तर एका फेरीला ५० रुपये उरतात. तेवढा वेळ प्रवासातच जातो. मग माळी दहा मिनिटांत पाणी घालून, पानं झाडून पुढच्या घरी निघतो. जास्वंदीवर पडलेला पिठ्या ढेकूण सुरुवातीलाच दिसला असता, तर हाताने पुसून निघाला असता. तो बघायला कुणाला वेळ नसतो आणि महिन्याभरात नवं झाड आणायची वेळ येते.

खर्च कमी करायचा कसा?

शेजाऱ्यांना सोबत घ्या. वरच्याच उदाहरणात एका इमारतीतल्या चार घरांनी मिळून माळी ठेवला, तर काम दोन तासांचं आणि प्रवास अर्धाच तास. फेरीचे २५० रुपये चौघांत वाटले, की प्रत्येकाला महिन्याला २५० रुपये पडतात. माळ्याचा तासाचा दर कमी होत नाही, तुमचे मात्र दीडशे रुपये वाचतात.

साहित्याचं बिल वेगळं

महिन्याच्या दरात बहुतेक वेळा फक्त मजुरी असते. माती, खत, औषध, नवी रोपं यांचे पैसे वेगळे. बिल तपासायला हे आकडे लक्षात ठेवा :

• १२ इंची कुंडीत साधारण १५ ते १८ लिटर मिश्रण मावतं. त्यात एक तृतीयांश कोकोपीट धरलं, तर दहा कुंड्या नव्याने भरायला पाच किलोची एक वीट पुरते.

• गांडूळखत कुंडीला महिन्याला एक-दोन मुठी पुरे. दहा कुंड्यांना साधारण एक किलो.

• कडुनिंबाचं तेल लिटरभर पाण्यात पाच मिली, सोबत साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब. छोटी बाटली बरेच दिवस जाते.

कुंड्या बदलणं, पावसाळ्यानंतर गुलाबाची छाटणी ही कामं नेहमीच्या फेरीत बसत नाहीत. त्यांची मजुरी आधीच विचारून ठेवा.

बंगल्याच्या बागेत काय बदलतं?

खर्च वाढवते ती हिरवळ. पावसाळ्यात ती आठ-दहा दिवसांत कापणीला येते. यंत्र कुणाचं, पेट्रोल कुणाचं, कापलेलं गवत कोण उचलणार, यावर दर हलतो.

झाड तोडायचं असेल तर मात्र थांबा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या छाटण्याआधीही महापालिकेच्या उद्यान विभागात चौकशी करा. 'माळी म्हणाला, चालतं' हे उत्तर तिथे उपयोगी पडत नाही.

पहिल्याच दिवशी हे ठरवा

• महिन्यात किती फेऱ्या आणि एका फेरीत किती वेळ?

• साहित्य कोण आणणार? माळी आणणार असेल, तर पावती मिळेल का?

• कुंड्यांखालच्या ताटल्या दर फेरीत रिकाम्या होणार का? डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची फेरी चुकली तर ताटल्या तुम्हीच ओता.

• माळी गावी गेला किंवा तुम्ही सुट्टीवर असलात, तर पैसे कसे? तुम्ही नसताना त्याच्या पोटाला चिमटा बसू नये, यासाठी वर्षाला ठरावीक भरपगारी सुट्या आधीच बोलून घेतलेल्या बऱ्या.

• रोजचं पाणी कोण घालणार? आठवड्यातून एकदा येणारा माळी एप्रिल-मेच्या उन्हात तुळस जगवू शकत नाही. ते काम घरच्यांनाच करावं लागतं.

सुरुवातीला एक महिना ठरवून बघा. महिनाअखेरीस नवी पालवी, मातीचा ओलावा आणि पानांच्या मागची बाजू तपासा, मगच पुढचा दर बोला.