प्रवास मनाचा, सोबत कुणाची?

१९४३ सालच्या १९ एप्रिलची दुपार. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉ. आल्बर्ट हॉफमन यांनी स्वतःच तयार केलेले एक रसायन पाण्यातून घेतले. मात्रा होती पाव मिलिग्रॅम. राय या धान्याच्या कणसांवर वाढणाऱ्या एका बुरशीतील द्रव्यापासून १९३८ मध्ये बनवलेले हे रसायन तेव्हा निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. एवढ्या किरकोळ मात्रेने फारसे काही होणार नाही, हा हॉफमन यांचा अंदाज साफ चुकला. थोड्याच वेळात त्यांना चक्कर येऊ लागली, बोलणे जड झाले. युद्धामुळे मोटारींवर निर्बंध होते, म्हणून ते सायकलवरून घरी निघाले. घरी पोचल्यावर खोलीतले सामान हलू लागले, दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकिणीसारखी भासू लागली. आपल्याला वेड लागले, आपण आता मरणार, या भीतीने त्यांना घेरले. डॉक्टर आले. नाडी, श्वास, रक्तदाब सारे ठीक होते. डोळ्यांच्या बाहुल्या तेवढ्या विस्फारलेल्या होत्या. हळूहळू भीती ओसरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉफमन ताजेतवाने होऊन उठले.

एलएसडीच्या या जन्मकथेतील सायकल जगप्रसिद्ध झाली. कथेतील दुसरी एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. हॉफमन त्या दिवशी एकटे नव्हते. प्रयोगशाळेतील त्यांची सहायक सायकलने त्यांच्या सोबत घरापर्यंत आली होती. डॉक्टरांना वेळेवर बोलावले गेले, त्यांनी तपासले आणि धीर दिला. ही सोबत नसती तर त्या संध्याकाळचा शेवट कसा झाला असता, कोण जाणे!

आज हे आठवण्याचे कारण असे, की अशा द्रव्यांच्या साहाय्याने मनाचे आजार बरे करण्याचे प्रयोग पुन्हा जोरात सुरू झाले आहेत. परदेशी शिकणारी-नोकरी करणारी आपली मुले त्याविषयी घरी बोलतात, चित्रफिती पाठवतात. वर्षानुवर्षे नैराश्याशी झुंजणाऱ्या माणसाला त्यात आशेचा किरण दिसतो. आई-वडिलांना मात्र या सगळ्याला ‘नशा’ हा एकच शब्द ठाऊक असतो. या दोन टोकांच्या मधली माहिती घराघरांत पोचायला हवी.

आशा किती, पुरावा किती?

या द्रव्यांना ‘सायकेडेलिक’ म्हणतात. मनातले प्रकट करणारे, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. एलएसडी, काही जातींच्या अळंब्यांत सापडणारे सिलोसायबिन ही त्यांतली प्रमुख. एमडीएमए आणि भूल देण्यासाठी वापरले जाणारे केटामीन ही द्रव्ये वेगळ्या कुळातली. पण उपचारांच्या चर्चेत त्यांचीही नावे याच यादीत येतात. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी एलएसडीचा बराच वापर केला. पुढे ते रस्त्यावर आले, गाजले, बदनाम झाले. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने या वाटेवर कुलूप लागले. ते किलकिले झाले ते चालू शतकात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सिलोसायबिनवरील अभ्यास प्रसिद्ध केला, आणि संशोधनाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये २३३ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात सिलोसायबिनची २५ मिलिग्रॅमची एक मात्रा घेतलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांना तीन आठवड्यांनी ठळक आराम होता. नाममात्र एक मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. बारा आठवडे टिकलेला आराम मात्र अनुक्रमे २० आणि १० टक्क्यांनाच मिळाला. डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशा तक्रारी बहुतेकांना झाल्या आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही आले. म्हणजे गुण आहे. पण ही जादूची कांडी नव्हे.

सरकारांचे निर्णयही एका दिशेचे नाहीत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना ठरावीक आजारांसाठी एमडीएमए आणि सिलोसायबिन देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला मान्यता नाकारली आणि आणखी चाचणी मागितली. मोठ्या आघातानंतर मनात घर करून राहणाऱ्या विकारावर हे औषध मागितले होते. त्याच्या एका चाचणीत औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के रुग्ण आजाराच्या व्याख्येतून बाहेर पडले. पण निव्वळ समुपदेशन आणि खोटी गोळी मिळालेल्यांपैकीही ४८ टक्के बाहेर पडले! जवळ बसून मन लावून ऐकणाऱ्या माणसाचे मोल या आकड्यात दडलेले आहे.

गोळीभोवतीची चौकट

जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी २००८ मध्ये सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती वाचली तर ध्यानात येते, की गोळी हा या उपचारातला सर्वांत छोटा भाग आहे. आधी शरीराची आणि मनाची कसून तपासणी. मग सोबत बसणाऱ्यांशी कित्येक तासांच्या भेटीगाठी, कारण अनोळखी माणसासमोर मनाचे दार उघडायचे नसते. प्रत्यक्ष दिवशी घरातल्यासारखी शांत खोली, कोच, डोळ्यांवर पट्टी, कानांवर संगीत, आणि सहा-सात तास शेजारी बसलेले दोन प्रशिक्षित सोबती. मधूनमधून रक्तदाब पाहिला जातो. तातडीची औषधे आणि डॉक्टर हाताशी असतात. संध्याकाळी रुग्णाला घेऊन जायला नात्यातले किंवा ओळखीचे माणूस येते. त्या दिवशी त्याने वाहन चालवायचे नसते. नंतरच्या दिवसांत पुन्हा भेटी होतात आणि जे दिसले, जे आठवले, त्याचा अर्थ लावला जातो.

ही चौकट काढून टाकली तर काय होते? त्याच विद्यापीठाने २०१६ मध्ये, स्वतःच्या मनाने अळंबी खाऊन वाईट अनुभव आलेल्या सुमारे दोन हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ११ टक्क्यांनी त्या अवस्थेत स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला होता. काहींना पुढे दीर्घकाळ मानसिक त्रास झाला आणि उपचार घ्यावे लागले. द्रव्य तेच, पण सांभाळणारे कुणी नाही.

‘आमच्या घराण्यात तसले काही नाही’

सुरक्षिततेची पहिली पायरी म्हणजे हा उपचार कुणी घेऊ नये, हे ठरवणे. ज्यांना स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे किंवा होऊन गेला आहे, ज्यांची मनःस्थिती उन्माद आणि नैराश्य यांमध्ये हेलकावे खाते, त्यांना चाचण्यांत घेतच नाहीत. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला असा आजार असला तरी बहुधा नकार मिळतो, कारण दबून असलेला आजार या द्रव्यांमुळे उफाळून येण्याची भीती असते.

इथे आपल्या घरांचा प्रश्न येतो. काकू ‘जरा विचित्र’ होत्या, मामा ‘घर सोडून गेला’, आजीच्या ‘अंगात येत असे’ – आपल्याकडे मनाच्या आजारांना अशी टोपणनावे असतात. लग्नाच्या बाजारात अडचण नको म्हणून ती नावेही पुढच्या पिढीला सांगितली जात नाहीत. मग मेलबर्नच्या दवाखान्यात बसलेला मुलगा प्रश्नावलीत प्रामाणिकपणे लिहितो: कुटुंबात मानसिक आजार नाही. त्याचा प्रामाणिकपणा त्याला वाचवू शकत नाही, कारण खरी माहिती सांगलीच्या नाहीतर साताऱ्याच्या घरात माजघराच्या दाराआड राहिलेली असते. मूल या उपचाराचा विचार करीत असेल तर वडीलधाऱ्यांनी मनावर दगड ठेवून का होईना, हे सांगितलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट चालू औषधांची. उन्माद-नैराश्यासाठी आपल्याकडेही सर्रास दिल्या जाणाऱ्या लिथियमबरोबर ही द्रव्ये घेतल्यास झटके आल्याच्या नोंदी आहेत. दक्षिण अमेरिकेतील आयाहुआस्का हा काढा नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांशी जुळत नाही. दोन्ही एकत्र आल्यास जिवावर बेतू शकते. सिलोसायबिन आणि एमडीएमए रक्तदाब वाढवतात, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांनी जपायला हवे. व्यसनमुक्तीसाठी काही देशांत दिल्या जाणाऱ्या इबोगेनने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू झाले आहेत. आणि म्हणून ‘तिकडे जायचे’ तर चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हाही धोकाच; गोळ्या अचानक थांबवल्याने आजार उलटल्याची उदाहरणे कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल.

कुणाच्या हाती?

या अवस्थेत माणूस मेणासारखा मऊ होतो. समोरचा जे सांगेल ते खोल उतरते, जो जवळ असेल तो अतिशय आपला वाटतो, आणि ‘नाही’ म्हणण्याची ताकद उरत नाही. २०१५ मध्ये कॅनडातील एमडीएमएच्या एका चाचणीत नेमके हेच झाले. उपचार करणारे दोघे, त्यांतला एक परवाना नसलेला, रुग्ण स्त्रीला कवटाळताना आणि दाबून धरताना चित्रफितीत दिसले. तीन शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेतले गेले, त्यामागे हे एक कारण होते. चाचणी अधिकृत होती, कॅमेरा चालू होता, तरीही हे घडले. मग कुठल्याशा डोंगरावरच्या ‘शिबिरा’त काय घडू शकेल?

म्हणून गोळी घेण्याआधी, पूर्ण शुद्धीवर असताना काही प्रश्न विचारायचे असतात. आपला परवाना कोणता, तो देणारी संस्था कोणती? खोलीत दोघे असतील का? स्पर्श होणार असेल तर कुठे आणि कशासाठी, आणि मी ‘थांबा’ म्हटले तर थांबणार ना? रात्री-अपरात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? चांगला चिकित्सक या प्रश्नांनी दुखावत नाही. जो दुखावतो त्याच्याकडून उठून यावे. गुरूला प्रश्न विचारणे हा अपराध मानणाऱ्या आपल्या समाजाला हा धडा थोडा अवघड आहे.

केटामीनचे उदाहरण आणखी बोलके आहे. नैराश्यावरील त्याच्या एका नाकात मारायच्या फवाऱ्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, पण अटींसह: फवारा दवाखान्यातच घ्यायचा, नंतर किमान दोन तास देखरेखीखाली बसायचे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. ‘फ्रेंड्स’ मालिकेमुळे आपल्या तरुणांनाही परिचित असलेला अभिनेता मॅथ्यू पेरी दवाखान्यात केटामीनचे उपचार घेत होता. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी तो लॉस एंजल्समधील घरी गरम पाण्याच्या हौदात मृतावस्थेत सापडला. मुख्य कारण केटामीन. पण ते दवाखान्यातले नव्हते, शेवटचा उपचार दीड आठवड्यापूर्वी झाला होता. चोरट्या मार्गाने ते त्याच्यापर्यंत पोचवल्याबद्दल दोन डॉक्टरांसह पाच जणांवर खटला झाला आणि पाचही जणांनी गुन्हा कबूल केला.

आपल्याकडे काय?

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार एलएसडी, सिलोसायबिन, एमडीएमए ही सारी बंदी असलेली द्रव्ये आहेत. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा कुठल्या पार्टीत ‘उपचार’ म्हणून कुणी ती देऊ करीत असेल, तर तो गुन्हा आहेच. शिवाय त्या गोळीत नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. केटामीन इथे डॉक्टरांच्या हातचे औषध आहे आणि काही मानसोपचारतज्ज्ञ कठीण नैराश्यात त्याचा उपयोग करतात. तो रुग्णालयात, भूल आणि तातडीची मदत यांची सोय असेल तिथेच घ्यावा.

परदेशी अधिकृत उपचार घेऊन आलेल्या माणसाला पुढचे काही आठवडे घरच्यांनी जपावे. त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करू नये. नोकरी सोडणे, घटस्फोट, संन्यास असले निर्णय त्याला लगेच घेऊ देऊ नयेत. झोप उडाली, संशय वाढला, डोळ्यांपुढे आकृत्या दिसत राहिल्या किंवा जगणे नको असे तो बोलू लागला, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे.

आणि ज्यांच्या वाट्याला हा उपचार येणार नाही, त्यांनीही खट्टू होऊ नये. चाचण्यांमधून आतापर्यंत जे कळले आहे, त्यातला बराच भाग कायदा न मोडता, विमानाचे तिकीट न काढता अमलात आणता येतो. आजाराचे नाव न लपवता उच्चारणे, योग्य डॉक्टरांकडे नेमाने जाणे, आणि ज्याचे मन अंधारात आहे त्याच्याजवळ उपदेश न करता तासभर बसणे. यातली शेवटची गोष्ट तर आज संध्याकाळपासूनही सुरू करता येईल.