नदीकाठची बी कधी रुजते?

आपल्या काळू नदीवर जांभळाची थोरली झाडे पुष्कळ आहेत. पण त्यांच्या खाली गुडघ्याएवढे रोप शोधून दाखवा! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचजण शोधत फिरलो. पाण्याजवळ एकही नाही. वर शेताच्या बांधाशी मात्र सात सापडली. असं का, म्हणून गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "बियांनाच विचारा."

मग यंदा जूनमध्ये तीन डबे घेतले. प्रत्येकात जांभळाच्या दहा बिया. पहिल्या डब्याला खाली भोके पाडून ओली माती भरली. दुसऱ्याला भोक नाही, मातीवर चार बोटे पाणी. तिसऱ्यातल्या बिया आधी महिनाभर चुलीजवळ वाळवल्या आणि मग पेरल्या.

पहिल्या डब्यात तिसऱ्या आठवड्यात कोंब आले. एका बीतून तर दोन! जांभळाचे असे होते. दुसऱ्या डब्यात एकाच बीने डोके काढले, तीही कुजली. डब्याला असा वास सुटला की तो व्हरांड्याबाहेर ठेवावा लागला. बी जिवंत असते, तिलाही हवा लागते. पाण्याखाली ती गुदमरते. तिसऱ्या डब्यात काहीच नाही. जांभळाची बी हरभऱ्यासारखी वर्षभर ठेवता येत नाही. आतली ओल गेली की ती मेली. झाड मिरगाच्या तोंडावर पिकते ते बीच्या सोयीचेच आहे.

आता नदीचे कोडे सुटले. मिरगाचा पाऊस पडून गेला आणि मग त्याने दडी मारली, की रेतीवरची बी वाळते. पुढे आवणीच्या दिवसांत पूर आला की उरलेली वाहून जाते, नाहीतर गाळाखाली सडते. बांधाशी ओल टिकते, पण पाणी तुंबत नाही.

करंजाचे निराळे. त्याची शेंग न फुटता पडते आणि पाण्यावर तरंगत जाते. उन्हाळ्यात काळू आटते, डोह तेवढे राहतात, म्हणून इथल्या शेंगा दगडांत पडून पुराची वाट बघतात. शहापूरकडे भातसा धरणाखाली तसे नाही. मुंबईसाठी पाणी सोडतात, त्यामुळे मे महिन्यातही नदी वाहती असते. तिथल्या शेंगा तेव्हाच निघतात.

बांधावरच्या सात रोपांना आम्ही काट्यांचे कुंपण केले आहे. शेळ्या सोडताना तेवढं बघा.