दोन पाखरं, एक टपाल

"माझी सगळी मेल गेली गं," अप्पा फोनवर म्हणाले. दिवाळीला साताऱ्याला पोचल्यावर फराळाच्याही आधी त्यांचा लॅपटॉप उघडला. लिनक्स मिंट, सिनॅमन डेस्कटॉप. मेनूत ‘इंटरनेट’ या सदराखाली थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅमच्या दोन नोंदी शेजारी शेजारी बसलेल्या. एक पाकिटाला वेढून बसलेलं जुनं निळं पाखरू. दुसरं २०२३ साली बदललेल्या चिन्हातलं नवं. भावाने त्यांच्या फोनवर थंडरबर्ड टाकून दिलं होतं. तिथे नवं पाखरू दिसतं, म्हणून अप्पा लॅपटॉपवरही नव्यावरच टिचकी मारत होते. त्याच्यामागे पेटी रिकामी होती.

टपाल सुखरूप होतं, जुन्या चित्रामागे. नवं चित्र होतं ते फ्लॅटपॅकमधून नंतर कधीतरी बसवलेल्या दुसऱ्या प्रतीचं. फ्लॅटपॅकमधला प्रोग्रॅम आपला डेटा स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्यामुळे त्याला अप्पांच्या आठ-नऊ वर्षांच्या पत्रांचा पत्ताच नव्हता. नावापुढे कंसात ‘फ्लॅटपॅक’ लिहिलेलं होतं. पण चित्रावरून प्रोग्रॅम ओळखणारा माणूस कंसापर्यंत जात नाही, आणि त्याने का जावं?

मग अद्ययावत प्रोग्रॅमवर जुनं चित्र कसं? मेनूतल्या प्रत्येक नोंदीमागे ‘डेस्कटॉप’ शेपटाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात ‘आयकॉन’ नावाची ओळ असते आणि त्या ओळीत बहुतेक वेळा चित्र कुठे आहे ते नसतंच. नुसतं एक नाव असतं. इथे होतं ‘थंडरबर्ड’. ते नाव घेऊन डेस्कटॉप आधी तुम्ही निवडलेल्या आयकॉन-संचात शोधतो. तिथे नसेल तर तो संच ज्याचा वारसा सांगतो त्या संचात, आणि कुठेच नाही मिळालं तर ‘हायकलर’ नावाच्या फोल्डरमध्ये. मोजके रंग दाखवणारे पडदे होते त्या काळात केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये ‘लोकलर’ आणि ‘हायकलर’ असे दोन संच असत, त्यातलं हे उरलेलं नाव. प्रोग्रॅम स्वतःचं चित्र याच फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणजे रांगेत सगळ्यात शेवटी. अप्पांना ठसठशीत रंग दिसावेत म्हणून मीच काही वर्षांपूर्वी एक संच बसवून दिला होता. त्यात पुढे भर पडायची थांबली. नवं पाखरू हायकलरमध्ये येऊन बसलं होतं, पण शोध तिथवर पोचतच नव्हता. फ्लॅटपॅकच्या नोंदीतलं नाव मात्र ‘ऑर्ग डॉट मोझिला’ने सुरू होणारं, लांबलचक. ते जुन्या संचात नव्हतं, म्हणून तिथे नवं चित्र दिसत होतं.

फ्लॅटपॅकची प्रत आत एकही पत्र नाही याची दोनदा खात्री करून काढून टाकली. मग अप्पांना विचारलं, कुठलं पाखरू ठेवू? "फोनवर आहे तसंच इथं दिसू दे."

संचातलं जुनं चित्र नुसतं पुसून भागलं नसतं, कारण तो ज्याचा वारसा सांगत होता त्या संचातही जुनंच पाखरू होतं. म्हणजे तिथल्या तिथे बदलायला हवं. आणि इथे हात सावकाश चालवावा लागतो. संचातल्या कित्येक फाइली खऱ्या नसतात, दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे असतात. मोठ्या आकारांसाठी एकच रेखाटन होतं, ‘मोझिला-थंडरबर्ड’ हे जुनं नाव त्याच्याकडे बोट दाखवत होतं. पण १६ पिक्सेलच्या फोल्डरमध्ये उलटं: तिथला ‘थंडरबर्ड’ हाच दुवा, साध्या पाकिटाच्या चित्राकडे जाणारा. त्याच्यावर नवी फाइल कॉपी केली असती तर ती दुव्यातून पलीकडे जाऊन पाकिटावरच बसली असती, आणि ते पाकीट वापरणाऱ्या प्रत्येक जागी पाखरू उगवलं असतं. म्हणून टर्मिनलमध्ये फोल्डरची सविस्तर यादी मागवून कुठे बाण दिसतो ते आधी पाहिलं. दुवा काढला आणि मगच फाइल ठेवली.

ती फाइलही मोठं चित्र आकसून केलेली नाही. १६ गुणिले १६ म्हणजे अवघे २५६ ठिपके. मोठं रेखाटन त्यात कोंबलं की पंख आणि पाकिटाची घडी एकमेकांत मिसळून निळा डाग उरतो. थंडरबर्डच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये त्या मापाचं वेगळं चित्र येतं, ते घेतलं. अप्पांची नजर आता पूर्वीसारखी नाही. त्यांना डाग देऊन चालणार नव्हतं.

एवढं करूनही मेनूत जुनंच पाखरू. संचाच्या मुळाशी कॅशची फाइल असते, कुठलं चित्र कुठे आहे याची तयार नोंदवही. आतल्या फोल्डरमध्ये केलेला बदल तिला आपोआप कळत नाही. जीटीकेच्या आज्ञेने ती जबरदस्तीने नव्याने बांधली. मग ऑल्ट आणि एफ-२ दाबून चौकटीत ‘आर’ लिहिलं, म्हणजे उघडे प्रोग्रॅम बंद न होता सिनॅमन पुन्हा सुरू होतो. खालची पट्टी क्षणभर नाहीशी झाली. "काय घालवलंस?" अप्पा खुर्चीतून पुढे वाकले.

पट्टी परत आली. त्यांनी चष्मा वर सरकवला, शेजारी फोन धरला, दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं आणि टिचकी मारली. सगळ्यात वर त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याचं पत्र होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं. त्यांनी मला उठायला सांगितलं आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला.