कृष्णेच्या पात्रातील जलवनस्पती व शैवलसमूह

नदीकाठचा मनुष्य पाण्यातील बहुतेक हिरव्या वाढीस ‘शेवाळ’ या एकाच नावाने ओळखतो. शास्त्रदृष्ट्या मात्र खडकावरील निसरडा थर म्हणजे शैवले आणि संथ पाण्यात डोलणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया व सेराटोफायलम या सपुष्प जलवनस्पती, हे दोन सर्वस्वी भिन्न गट होत. यांपैकी दुसरा गट पहिल्याचे स्वरूप कसे ठरवितो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेस माहुली येथे वेण्णा, कऱ्हाड येथे कोयना व सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते. सातारा जिल्ह्यातील वरच्या भागात खडकाळ तळ व वेगवान प्रवाह असल्याने शैवलांचा मुख्य आधार दगड हाच असतो. सांगलीकडे पात्र रुंद व संथ होते, तळाशी गाळ साचतो आणि बंधाऱ्यांमागे पाणी तुंबते. अशा ठिकाणी दगडाची जागा जलवनस्पतींची पाने व खोडे घेतात.

या आधारावरील शैवलांच्या वाढीस एक क्रम असतो. कॉकोनिससारखे करंडक पानास सपाट चिकटतात; गोम्फोनीमा देठावर उभे राहून प्रकाशाकडे सरकतात; मागाहून ईडोगोनियमसारखी तंतुमय हरित शैवले येतात. त्यामुळे शेंड्याकडील कोवळ्या पानावर विरळ, तर जून पानावर अनेक थरांचा समूह आढळतो. मग वनस्पती हा केवळ निष्क्रिय आधार आहे काय? कॅटॅनिओ व कॅल्फ यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैसर्गिक व प्लॅस्टिकच्या वनस्पतींवरील शैवलांच्या उत्पादनात फारसा फरक आढळला नाही. तथापि सर्व जाती व सर्व जलाशय यांना हा निष्कर्ष लागू पडत नाही.

याचे कारण असे की, वनस्पतीचा प्रभाव अनेक मार्गांनी घडतो. ती प्रकाश अडविते आणि प्रवाह मंद करून गाळ खाली बसविते. मुळे असलेल्या जाती फॉस्फरस मुख्यतः गाळातून घेतात. मुळे नसलेले सेराटोफायलम तो पाण्यातूनच घेत असल्याने शैवलांशी प्रत्यक्ष स्पर्धा करते. काही जाती शैवलांची वाढ रोखणारी द्रव्येही पाण्यात सोडतात. शिवाय पानांवर चरणाऱ्या गोगलगाई शैवलांचा थर पातळ राखतात.

पोषकद्रव्ये वाढली की हा तोल ढळतो. इंग्लंडमधील उथळ जलाशयांच्या अभ्यासावरून फिलिप्स, एमिन्सन व मॉस यांनी 1978 साली असे प्रतिपादन केले की, पानांवरील शैवलांचा थर दाट होऊन वनस्पतीस प्रकाश मिळेनासा होतो. ती नष्ट होते व प्लवक शैवले पाणी व्यापतात. हे निष्कर्ष कृष्णेस जसेच्या तसे लावणे मात्र युक्त नव्हे. समशीतोष्ण प्रदेशात वनस्पतींच्या आडोशाने राहणारे प्राणिप्लवक शैवलांस आळा घालतात. उष्ण प्रदेशात लहान मासेही वर्षभर त्याच आडोशात दाटी करून त्या प्राण्यांस खातात. याखेरीज पावसाळ्यातील पूर वनस्पती उपटून नेतो आणि समूहाची घडण पुन्हा आरंभापासून सुरू होते. दीर्घकाळ स्थिर राहणारी अवस्था येथे गृहीत धरता येत नाही.

तरंगणाऱ्या जलपर्णीची गोष्ट निराळी आहे. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील या वनस्पतीचा थर प्रकाश अडवून खालच्या प्लवक शैवलांस मारक ठरतो. तिच्या लोंबत्या मुळांवर मात्र काही शैवले वाढतात. सांडपाणी व उसाच्या शेतीतील खते यांतून येणारी पोषकद्रव्ये कायम ठेवून नुसती जलपर्णी काढली, तर उघड्या पडलेल्या संथ पाण्यात मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शैवलांस वाव मिळतो. त्यांच्या काही वाणांचे विष यकृतास घातक असते. काढलेली जलपर्णी काठावर कुजू दिल्यास तिच्यातील द्रव्ये पुन्हा नदीतच उतरतात. जेथे पिण्याचे पाणी याच पात्रातून उचलले जाते, तेथे हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा राहत नाही.

यास्तव वाईच्या दगडावरील नमुना व सांगलीच्या हायड्रिलावरील नमुना यांची तुलना करून त्यांतील सर्व फरक प्रदूषणास लावणे सदोष ठरेल. आधार, पानाचे वय, प्रवाहाचा वेग व पुरानंतर लोटलेला काळ यांची नोंद प्रत्येक नमुन्यासोबत असेल, तरच करंडकांच्या यादीवरून नदीच्या प्रकृतीचे निदान करता येईल.