अर्ध्या टनाचा नाजूक जीव

१८०५ साली इंग्लंडमधल्या क्रॉयडनजवळ एक पैज लागली. मर्सटमच्या खाणीतल्या दगडांनी भरलेले, प्रत्येकी तीन टनांहून जड असे १२ डबे एका घोड्याला जुंपले, आणि त्याने ते लोखंडी रुळांवरून सहा मैल ओढत १ तास ४१ मिनिटांत क्रॉयडनच्या टोलनाक्यावर आणले. रस्त्याला हलका उतार होता, पण एवढ्यावर लोकांचं समाधान झालं नाही. आणखी चार डबे जोडले, वर ५० मजूर चढवले, तरी घोडा चालतच राहिला. एकूण वजन भरलं ५५ टनांच्या वर! इथे वाफेचं इंजिन यायच्या आधीची ही घोड्यांची रेल्वे. तिच्या रुळांचे तुकडे पर्लीच्या रोटरी फील्डमध्ये जपून ठेवले आहेत.

आता याच प्राण्याची दुसरी बाजू बघा. तो उपाशी राहून हाडांचा सापळा झालेला असेल आणि कुणी कळवळून त्याच्यापुढे बादलीभर चंदी ठेवली, तर त्या बादलीनेच तो मरू शकतो. ५५ टन ओढणारा देह एका बादलीभर दाण्याने कोसळतो, हे कसं काय?

हे समजून घ्यायचं तर अनाथ घोडे सांभाळणाऱ्या पागेतलं एक वर्ष पाहावं. क्रॉयडनची घरं संपतात तिथून सरे परगण्याची कुरणं सुरू होतात. इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर गुपचूप घोडा सोडून मालक पसार होण्याचे प्रकार इतके वाढले की २०१५ साली त्यासाठी खास कायदा आला. बेवारस घोडा ताब्यात घ्यायचा, पोलिसांना कळवायचं, आणि ९६ तासांत मालक पुढे आला नाही तर त्याचा हक्क संपला. असे घोडे मग लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या पागांमध्ये येतात. कुणी महिन्याला पाच-दहा पौंड देतो, कुणी जुनी झूल देतो, कुणी शनिवारची सकाळ लीद उचलायला देतो. मला तर वाटतं, घोड्याचं शरीरच असं घडलंय की त्याला एका मोठ्या दात्यापेक्षा पुष्कळ हात जास्त उपयोगी पडतात. त्याला सगळं थोडंथोडं लागतं, पण अखंड लागतं.

त्या उपाशी घोड्याचंच घ्या. आठवडेच्या आठवडे त्याचं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगलेलं असतं. अचानक दाण्यातला स्टार्च आला की रक्तात इन्सुलिन उसळतं आणि फॉस्फरस, मॅग्नेशियमसारखी खनिजं रक्तातून पेशींमध्ये ओढून नेतं. आधीच खंगलेल्या रक्तात ती उरतच नाहीत. हृदय आणि श्वास बंद पडतो, तोही लगेच नव्हे, तर तीन-चार दिवसांनी, घोडा सुधारतोय असं वाटत असताना! मग उपाय काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी तो शोधला, आणि तो चकित करण्याइतका साधा आहे. पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो लसूणघास द्यायचा. रात्री बारालाही आणि पहाटे चारलाही. इथे पैशापेक्षा पहाटे चारला उठणारं माणूस हवं.

हे ‘थोडंथोडं’ येतं कुठून? जठरापासून. अर्ध्या टनाच्या या प्राण्याचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल सतत पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो. त्याला उतारा लाळेचा, पण लाळ सुटते फक्त चावताना, दिवसाला पार ४० लिटरपर्यंत! चावणं थांबलं की लाळ थांबते, आम्ल मात्र चालूच राहतं. म्हणून मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सतरा तास चरतो. आणि नको ते पोटात गेलं तर? उलटी करून टाकण्याची सोयच त्याला नाही.

खरी किमया लहान आतड्याच्या पुढे आहे. तिथल्या तीसेक लिटरच्या पिशवीत आणि त्यामागच्या मोठ्या आतड्यात अब्जावधी सूक्ष्मजीव गवताचा चिवट तंतुमय भाग आंबवतात. आपल्याला जो काडीइतकाही पचत नाही, त्यातून ते घोड्याला ताकद काढून देतात, आणि या आंबवण्यात उष्णता निघते. म्हणजे घोडा पोटात पेटती शेगडी घेऊन फिरतो! जानेवारीत गारठा वाढला की जाणती माणसं दाणा वाढवत नाहीत, वाळलं गवत वाढवतात.

बाहेरून घोड्याच्या अंगावर दाट केस असतात. ते थंडी पडली म्हणून येतात असं तुम्हाला वाटेल. पण मुख्य कारण ते नव्हे. घोडा पाहतो दिवसाची लांबी. २१ जूननंतर उजेड मिनिटामिनिटाने कमी होऊ लागतो, आणि ऐन उन्हाळ्यात त्याचं शरीर हिवाळ्याच्या तयारीला लागतं. डिसेंबरअखेर, खरी थंडी अजून पुढे असताना, केस सोडण्याची तयारी आतून सुरू झालेली असते. मार्चमध्ये खरारा केला की झुपकेच्या झुपके हातात येतात. याच केसांखाली फसवणूकही लपते. दुरून गुबगुबीत दिसणाऱ्या घोड्याच्या बरगड्या हात फिरवल्यावर एकेक मोजता येतात, म्हणून हिवाळाभर दर आठवड्याला झूल काढून हाताने चाचपणं आलंच.

मग वसंत येतो, आणि सगळ्यात सुंदर महिना सगळ्यात धोक्याचा ठरतो. आपला तळहात टेबलावर उभा धरा आणि फक्त मधल्या बोटाच्या टोकावर भार द्या. घोडा प्रत्येक पायावर असाच उभा असतो! खूर म्हणजे त्या बोटाचं नख. पुढच्या पायाचा जो गुडघा वाटतो, ते त्याचं मनगट आहे. नखाच्या आत शेवटचं हाड जवळजवळ टांगलेलं असतं. हाडाकडून आलेले सुमारे ६०० पातळ पडदे आणि खुराच्या भिंतीकडून आलेले तितकेच पडदे एकमेकांत घट्ट गुंतलेले, आणि त्या प्रत्येकावर पुन्हा शंभराहून जास्त सूक्ष्म पडदे. घोड्याचा बहुतेक भार या गुंत्यावर लोंबकळतो.

एप्रिलच्या सकाळी रात्रीचं दव गोठलेलं असतं आणि वर लख्ख ऊन पडतं. गवत उन्हात साखर बनवतं, पण गारठ्याने त्याची वाढ थांबलेली असते, त्यामुळे साखर पात्यातच साठते. टेकडीवरच्या रोड गवतावर जगायला घडलेल्या पोनीने असं गवत पोटभर खाल्लं की रक्तात इन्सुलिन बेसुमार वाढतं, आणि खुरातले ते पडदे ताणून सैल पडतात. याचं नाव लॅमिनायटिस. दुखणं इतकं भयंकर की घोडा पाय टाकायला तयार होत नाही, आणि बळावलं तर हाड खाली सरकतं. म्हणून मे महिन्यात पागेतली माणसं हिरव्यागार कुरणाला कुंपण घालून घोड्यांना उघड्याबोडक्या तुकड्यात ठेवतात. येणारे-जाणारे हळहळतात, पण याहून मोठी माया नाही. कूल्सडनच्या फार्दिंग डाउन्ससारख्या खडूच्या टेकड्यांवरचं विरळ, खत न पाहिलेलं गवत अशा पोनींच्या प्रकृतीला कितीतरी जास्त मानवतं. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतात, तेव्हा सहा-आठ आठवड्यांनी नालबंद हवाच, नाल ठोकायची नसली तरी.

जुलैत रॅगवर्ट नावाच्या तणाला पिवळी फुलं येतात. हिरवं असताना ते कडू लागतं म्हणून घोडा टाळतो. वाळून गवताच्या गंजीत गेलं की कडवटपणा जातो, विष मात्र राहतं आणि यकृत पोखरतं. म्हणून हातमोजे घालून एकेक रोप मुळासकट उपटायचं. ऑक्टोबरात सिकॅमोर झाडाची पंखवाली बीजं भिरभिरत कुरणात पडतात. तीही विषारी, स्नायू नासवणारी. पुन्हा वेचायला माणसं हवीत.

आणि मग दिवाळीचे आणि इंग्लंडमधल्या ५ नोव्हेंबरच्या सणाचे फटाके! त्या रात्री कुणीतरी घोड्यांजवळ थांबतं. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी अडकवून घोडा उभ्याउभ्या डुलकी काढू शकतो, पण स्वप्नांची गाढ झोप त्याला आडवं पडल्याशिवाय मिळत नाही, आणि आडवा तो तेव्हाच पडतो जेव्हा त्याला निर्धास्त वाटतं. ही झोप दिवसाकाठी अर्धा-पाऊण तासच लागते. ती दिवसेंदिवस मिळाली नाही तर घोडा उभ्याउभ्या गुडघ्यांवर कोसळतो. नव्या आलेल्या घोड्याच्या अंगाला एका सकाळी पेंढा चिकटलेला दिसला, की पागेत आनंदीआनंद होतो. कारण तो रात्री झोपला!

पण माणसांना तो ओळखतो का? क्रॉयडनहून दक्षिणेला, ब्रायटनजवळच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे तपासलं. घोड्यांना एका माणसाचं छायाचित्र दाखवलं, काहींना रागावलेल्या चेहऱ्याचं, काहींना हसऱ्या. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्याने समोर येऊन उभा राहिला. घोड्याने आधी काय पाहिलंय हे त्या माणसालाही ठाऊक नव्हतं. ज्यांनी रागीट छायाचित्र पाहिलं होतं ते घोडे त्याच्याकडे डाव्या डोळ्याने जास्त वेळ पाहत राहिले, आणि धोका जोखताना घोडे डावा डोळाच वापरतात. त्या माणसाला त्यांनी प्रत्यक्ष रागावलेलं कधी पाहिलंच नव्हतं. पाहिला होता तो फक्त त्याचा फोटो!